नववी मात्रा

पाटी शनिवारी सकाळी साडेदहाला आली. लिफ्ट बंद होती, म्हणून दोन हमालांनी ती तीन मजले उचलून आणली, आणताना दाराची चौकट खरवडली आणि "चहा नको, नुसतं पाणी द्या" असं उपकार केल्यासारखं म्हणून निघून गेले. द्वारकाबाईंनी आधी चौकटीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"सासऱ्यांच्या जन्मशताब्दीला चौकटीचा बळी," त्या म्हणाल्या आणि मंडईतून आणलेल्या मटाराच्या ढिगाकडे वळल्या.

संपतमास्तरांनी ऐकून घेतलं. एरवी ते ऐकून घेणाऱ्यांतले नव्हेत. शेहेचाळीस वर्षं चर्चच्या मंडळीचा गायकवर्ग सांभाळलेला माणूस! कुणाचा सूर हलला तर भर उपासनेत पेटी थांबवून चष्म्यावरून बघायचं, आणि त्या बघण्याने पुढचे चार रविवार तो माणूस मागच्या बाकावर बसायचा. पण आज दिवाणावर आडव्या पडलेल्या त्या काळ्या ग्रॅनाइटपुढे मास्तर उभे राहून कोरलेलं पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

वर बाबांचं नाव होतं. रंगराव मास्तर मकासरे, १९२५ ते १९९१. खाली बाबांच्या सगळ्यात लाडक्या गीताचं शेवटचं कडवं, सोनेरी अक्षरांत:

रंगराव म्हणे, मुकादमा रे,
हजेरीत घे, नाव लिही रे.

मंडळीतल्या एकाही घरची माती या गीताशिवाय झाली नव्हती. शवपेटी खड्ड्यात सोडताना हेच म्हणायचं, हे ठरलेलं. उद्या दहाच्या उपासनेनंतर ही पाटी चर्चच्या भिंतीत बसणार होती. पाळकसाहेब, पंचकमिटी, तीनशे माणसं, वर पुलावाचं जेवण.

आणि त्या कडव्यातलं नाव खोटं होतं.

ते बाबांनी लिहिलेलंच नव्हतं. संपतमास्तरांनी घातलं होतं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, स्वतःच्या वळणदार अक्षरात. गीत होतं सुंदराआत्याचं, बाबांच्या धाकट्या बहिणीचं. ही गोष्ट आता जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक इथे पाटीपुढे उभा होता. दुसरी एक्क्याण्णव वर्षांची होती आणि दुपारी सासवडच्या बसने स्वारगेटला उतरणार होती.

तिला बोलवायचं विक्रमने ठरवलं होतं. धाकटा भाऊ, पाटीही त्याचीच कल्पना. "बाबांची सख्खी बहीण हयात आहे दादा, आणि आपण तिला बोलवायचं नाही? लोक काय म्हणतील?"

*

बाराला विक्रम आला. मागे त्याची बायको दीपमाला, तिच्या मागे गिटार पाठीवर टाकून मुलगी प्रियदर्शनी. बापलेक एकाच गाडीतून आले होते, पण जिना चढताना दोघांत एक मजल्याचं अंतर होतं. वर्षभर हे असंच चाललं होतं. हिंजवडीची आयटीतली नोकरी सोडून पोरगी गाणी करत फिरते, हे विक्रमला अजून गिळता आलं नव्हतं.

"सलाम काका," प्रियदर्शनी म्हणाली.

"सलाम. उशीर झाला."

"बाबांना पार्किंग मिळेना."

"पार्किंग नाना पेठेत पेशव्यांच्या वेळीही मिळत नव्हतं," दीपमाला म्हणाली. "द्या ताई, मी सोलते." आणि ती मटारापुढे बसली.

प्रियदर्शनीला पाचव्या वर्षी पेटीपुढे बसवलं ते संपतमास्तरांनीच. त्यांना मूलबाळ नव्हतं. जे काही द्यायचं ते तिलाच दिलं. आठ मात्रा बोटांवर मोजायला शिकवल्या, आणि बोट चुकलं की त्याच बोटावर लाकडी पट्टी. कॉलेजात गेल्यावर ती इंग्रजी गाणी म्हणायला लागली, तेव्हा मास्तर सहा महिने तिच्याशी बोलले नव्हते. मग करोनाची साथ आली. दीपमालाचा भाऊ गेला. मातीला पाचच माणसांना परवानगी. गायकवर्ग नाही, पेटी नाही. कबरस्तानात तोंडाला मास्क लावून ह्या पोरीने एकटीने ते गीत म्हटलं. शेवटच्या कडव्यात तिचा श्वास तुटला. घरी येऊन तिने दोन दिवस दार लावून घेतलं, आणि बाहेर आली ती स्वतःचं पहिलं गीत घेऊन. मामाला नीट निरोप देता आला नाही, म्हणून देवाशी भांडलेलं गीत होतं ते. त्यानंतर ती थांबली नाही. आता लोक तिला घराघरांतून बोलवत होते, तिची तीन गीतं फोनवर ऐकत होते, आणि उद्याच्या कार्यक्रमात आजोबांच्या गीतानंतर तिचं एक नवं गीतही होतं.

त्या गीतावर मास्तरांनी मागच्याच महिन्यात लाल पेन चालवलं होतं. शब्द चांगले होते, चाल चांगली होती. इतकी चांगली की मास्तरांना त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. पण शेवटच्या कडव्यात तिने लिहिलं होतं, 'दर्शनी म्हणे'. शेवटी आपलं नाव गुंफायचं ही आपली जुनी रीत, संतांची, कीर्तनकारांची; बाप्तिस्मा घेतला म्हणून रंगराव मास्तरांच्या पिढीने ती काही गावी ठेवली नव्हती. तरी मास्तरांनी त्या दोन शब्दांवर आडवी रेघ ओढली. "नाव लावायला वय लागतं," ते म्हणाले होते. "या घरात ते एकाचंच आहे."

तिने वही मिटून घेतली होती आणि निघून गेली होती.

*

"चला, एकदा म्हणून घेऊ," विक्रम म्हणाला आणि त्याने ढोलकी मांडीवर घेतली. साठी उलटली तरी हात अजून ताजा होता. मास्तरांनी पेटीचा भाता सोडला. प्रियदर्शनीने गिटार जुळवली.

फोडिता दगड, हात हा फुटे,
फुटल्या हाती, येशू भेटे.

तिचा आवाज लागला की मास्तरांना दरवेळी अंगावर काटा यायचा, आणि ते दरवेळी चष्मा पुसायचे. आजही पुसला. सगळी कडवी नीट झाली. शेवटचं आलं. 'रंगराव म्हणे' म्हणताना विक्रमने सवयीने एक थाप जास्त टाकली, मास्तरांनी सवयीने सूर ओढून धरला, आणि प्रियदर्शनी थांबली.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"काका, इथे नऊ आहेत."

"काय नऊ?"

"मात्रा." तिने बोटं पुढे केली, लहानपणी करायची तशीच. "सगळं गीत आठाचं आहे. फोडिता दगड, आठ. हात हा फुटे, आठ. मुकादमा रे, आठ. कुठेही मोजा. ही एकच जागा नवाची आहे."

"त्याला मास्तरांचा झोका म्हणतात," विक्रम म्हणाला. "चाळीस वर्षं मी तिथे एक थाप जास्त टाकतोय. आख्ख्या मंडळीला ठाऊक आहे. तुला आज शोध लागला?"

"मामाच्या मातीला लागला. माझा श्वास तिथेच तुटला होता. बाबा, तो झोका नाहीये. ते ठिगळ आहे."

मास्तरांचा हात भात्यावरच राहिला.

"तोंड सांभाळून बोल," विक्रम म्हणाला.

"मी आजोबांची सगळी गीतं काढून बसले. एकोणतीस. सगळीकडे त्यांनी स्वतःला 'रंगा म्हणे' म्हटलंय. नुसतं रंगा. फक्त ह्यातच 'रंगराव' कसं? माणूस स्वतःच स्वतःला राव म्हणेल? आणि आजोबा शाळामास्तर होते. त्यांनी दगड कधी फोडले?"

"दगड म्हणजे मानवाचं कठीण अंतःकरण!" विक्रमने ढोलकी खाली ठेवली. "किती उपदेश झाले ह्यावर!"

"आणि मुकादम? हजेरी? हे सगळं अंतःकरणच का?"

"विक्रमभाऊजी, ती वेडं काही विचारत नाहीये," द्वारकाबाई आतून म्हणाल्या, आणि सगळे चकित झाले. कारण द्वारकाबाई घराण्याच्या बाबतीत नेहमी नवऱ्याच्या मागे उभ्या राहायच्या. "मीही लग्न होऊन आल्यापासून तिथे अडखळते. पण नव्या सुनेने विचारायचं कुणाला?"

"वहिनी, तुम्ही पण?" विक्रम म्हणाला.

"त्या पण, मी पण," दीपमाला म्हणाली. "पोरीने नोकरी सोडली तेव्हा म्हणालात, गाण्यात काय अक्कल लागते. आता अक्कल लावली तर ती पण नको!"

"तू मध्ये पडू नकोस! उद्या तीनशे माणसांसमोर पाटी लागणार आहे, आणि ही म्हणते माझ्या बापाने चोरी केली."

"चोरी म्हटलं नाही मी. इथे दुसरं नाव होतं, एवढंच म्हणतेय. पाच मात्रांचं. तीन अक्षरांचं." तिने मास्तरांकडे पाहिलं. आवाज खाली आला. "काका, तुम्हीच शिकवलंत. नाव कुणाचंही असो, ठेक्यात बसलं पाहिजे. तुमच्या कानाला हे कधीच खटकलं नाही?"

खटकलं नाही? दर रविवारी खटकलं होतं! बावन्न वर्षं, दर मातीला, दर उपासनेला ती एक मात्रा मास्तरांच्या बोटाखाली खड्यासारखी आली होती. पण घाबरलेला माणूस जे करतो ते त्यांनी केलं.

"उद्या तू गाणार नाहीस," ते म्हणाले.

"अहो!" द्वारकाबाई बाहेर आल्या.

"नाही गाणार. आजोबांचंही नाही, स्वतःचंही नाही. चार लोकांनी फोनवर ऐकलं म्हणून थोरामोठ्यांच्या गीतांत चुका काढायच्या? हे घर आहे, ऑफिस नाही."

प्रियदर्शनीचा चेहरा पांढराफटक पडला. ती रडली नाही. तिने गिटारचा पट्टा सोडला आणि गिटार पिशवीत घालू लागली. विक्रमला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तो नुसता तिच्या हाताकडे बघत राहिला. पिशवीची अडकलेली चेन ती ओढत होती.

तेवढ्यात बेल वाजली.

*

आत्याला योगेशने, तिच्या नातवाने, जवळजवळ उचलूनच वर आणलं होतं. चाकणच्या कारखान्यात कामाला असलेला आडदांड मुलगा. त्याच्या हातात आजी जुन्या छत्रीसारखी दिसत होती. हिरवं लुगडं, कपाळाला कुंकवाच्या जागी गोंदण, आणि डाव्या हाताच्या अंगठ्याला नख नव्हतं.

"काय रं संपत्या," ती दारातूनच म्हणाली, "वाळलास की. बायको जेवाया घालत न्हाय व्हय?"

"या आत्या," द्वारकाबाईंनी तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं. "घालते हो, पण लागायला नको का अंगाला?"

पाणी झालं, चहा झाला. आत्याने पाटीवरून हात फिरवला. तिला वाचता येत नव्हतं. "दादाची हाय न्हवं? लई गार लागती," म्हणाली आणि हात पदराला पुसला. मास्तर पेटीमागेच बसून होते. तिच्या त्या अंगठ्याकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ. सासवडच्या पुढे रस्त्याचं काम निघालेलं. बाबांबरोबर एकोणीस वर्षांचा संपत आत्याला भेटायला गेला होता. बाया ओळीने बसून खडी फोडत होत्या, आणि त्यांच्यात आत्या गात होती. हातोडा पडायचा आणि शब्द पडायचा. संपतने वहीच्या पुठ्ठ्यावर ते सगळं उतरवून घेतलं. त्याच वर्षी मंडळीने गीतांचं छोटं पुस्तक काढायचं ठरवलं, आणि छापखान्याला द्यायची प्रत करायचं काम संपतकडे आलं.

"आजी," प्रियदर्शनी आत्याच्या पायाशी जमिनीवर बसली, "एक विचारू?"

"विचार की."

"दर्शनी," विक्रम म्हणाला, पण पहिल्याइतक्या जोराने नाही.

"ते गीत, फोडिता दगड. आजोबांनी लिहिण्याआधी ते दुसऱ्या कुणाचं होतं का?"

योगेशने तोंड उघडलं. "अरे, हे तर आजी रोज भांडी घासताना..."

"गप ए," आत्या म्हणाली. "मोठी मानसं बोलत्यात."

मग तिने मान वळवून पेटीमागे बसलेल्या संपतमास्तरांकडे पाहिलं. चांगलं निवांत पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर मास्तरांना सोसला असता.

"माझ्या भावाचंच हाय गानं," ती म्हणाली. "रंगरावाचं. दुसऱ्या कुनाचं असनार? त्यो शिकलेला."

"झालं समाधान?" विक्रमने श्वास सोडला.

प्रियदर्शनी उठली आणि मास्तरांसमोर येऊन उभी राहिली. "काका, माझं चुकलं. मी शहाणपणा केला. तुम्ही म्हणाल तसं म्हणेन, नऊ तर नऊ. पण मला उद्या गाऊ द्या."

मास्तर सुटले होते. अगदी स्वच्छ सुटले होते. आत्या बोलली, पोरगी वाकली, पाटी सुरक्षित, बाबा सुरक्षित. आता फक्त पेटीवर बोटं ठेवायची होती. त्यांनी ठेवली. विक्रमने ढोलकी घेतली. प्रियदर्शनी गिटारशिवायच, हात बांधून गायला लागली, आणि शेवटच्या कडव्याला आल्यावर तिने ते नाव ओढलं. नीट, बिनतक्रार, सगळ्या मंडळीसारखं ओढलं. जो कान त्यांनी वीस वर्षं घासून घासून तयार केला होता, तो त्यांच्यासमोर मुद्दाम बहिरा झाला होता.

मास्तरांनी भाता सोडून दिला. पेटी हुंदका दिल्यासारखी बंद झाली.

"सुंदरा," ते म्हणाले.

कुणालाच कळलं नाही.

"पाच मात्रा. तीन अक्षरं. तिथे सुंदरा होतं." त्यांनी चष्मा काढला. "हे आत्याचं गीत आहे. बाबांचं नाव मी घातलं."

"संपत्या," आत्या म्हणाली, "म्या सांगितलं न्हवं?"

"तू खोटं सांगितलंस आत्या. माझ्यासाठी." मास्तरांचा आवाज फाटला, या माणसाचा आवाज फाटलेला घरात कुणी ऐकला नव्हता. "मंडळीचा नियम होता, दप्तरात ज्याचं नाव नाही त्याचं गीत पुस्तकात नाही. आत्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. मला गीत पुस्तकात हवं होतं. इतकं चांगलं गीत मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणून नाव खोडलं आणि बाबांचं लिहिलं."

"मग 'रंगा' का नाही लिहिलंत?" प्रियदर्शनी हळूच म्हणाली. अशा वेळीही पोरीला तेच सुचलं. "एक मात्रा कमी पडली असती, पण 'गा' ओढून ती भरता आली असती. कुणालाच कळलं नसतं."

मास्तरांना हसू आलं, रडता रडता.

"बापाला नुसतं रंगा कसं म्हणणार गं? हात धजेना. आदरापोटी राव लावला, आणि तो राव ठेक्यात बसेना."

विक्रम उठून खिडकीपाशी गेला होता. "बाबांना माहीत होतं?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"पुस्तक छापून आलं तेव्हा बाबा दौऱ्यावरून परत आले. वाचलं. म्हणाले, सुंदराला विचारलंस? मी म्हटलं, हो. खोटं बोललो. बाबांनी पुन्हा कधी विचारलं नाही. पण तुला आठवतं का विक्रम, शेवटच्या कडव्याला बाबा नेहमी गप्प व्हायचे?"

"नम्रता," विक्रम म्हणाला. "सगळे म्हणायचे, केवढी नम्रता, स्वतःचं नाव तोंडाने घेत नाहीत." त्याने खिडकीच्या गजाला कपाळ टेकलं. "अरे देवा."

"आत्या, तुम्हाला कधी कळलं?" दीपमालाने विचारलं. मटाराची शेंग तिच्या हातात तशीच होती.

"दादाच्या मातीला. फाटकापाशी हुबी व्हते म्या. माझी मानसं संगं व्हती, आत कशी येनार? दोनशे मानूस माझं गानं म्हनत व्हतं, माझ्या भावाला खाली सोडताना. पयल्यांदा वाटलं, वरडावं. मग वाटलं, जाऊ दे. गानं त्याच्या संगं गेलं तर गेलं."

"पण तुमचा येशूवर..." दीपमाला म्हणाली.

"दादानं सांगितला मला येशू. मालक म्हनलं, बाप्तिस्म्याचं पानी घेतलंस तर लेकरं हितंच ठिवून जा. म्या येशूला म्हनलं, बाबा, लेकरं बघू दे, तू मनात ऱ्हा." आत्याने खांदे उडवले. "ऱ्हायला की. देव्हाऱ्यातल्या देवांनी बी काय कुरकुर केली न्हाय."

"आणि मुकादम?" प्रियदर्शनीने विचारलं.

"त्यो येगळाच नग!" आत्या एकदम तरतरीत झाली. "लेकराला पाजून यायला उशीर झाला, तर माझी हजेरी मांडली न्हाय मेल्यानं. दिसभर खडी फोडली, अंगठा फुटला, आन् कागदावर म्या न्हाईच. दुष्काळातली खायाची सुकडी बी मिळंना. तवा म्हनलं, वर एक मुकादम हाय, त्याला सांगू, बाबा, तू तरी माझं नाव लिव."

संपतमास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. नाव लिही म्हणून जिने हात जोडले होते, तिचंच नाव त्यांनी खोडलं होतं, आणि मग बावन्न वर्षं तेच कडवं डोळे मिटून, भक्तिभावाने वाजवलं होतं. द्वारकाबाई येऊन त्यांच्या शेजारी बसल्या.

प्रियदर्शनीने पिशवीतून वही काढली. लाल रेघेखालचे दोन शब्द तिने मास्तरांदेखत पुन्हा वर लिहिले.

"काय लिवलंस?" आत्याने विचारलं.

"माझं नाव. दर्शनी म्हणे. काकांनी खोडलं होतं."

"ह्याला सवयच हाय," आत्या म्हणाली. मास्तर मान खाली घालून हसले, आणि ते हसले म्हणून बाकीच्यांना श्वास घेता आला. "आन् पोरी, लई वढता तुमी गानं. असं रडत खडी फोडली असती तर रस्ता अजून झाला नसता. असं म्हन."

तिने खुर्चीच्या हातावर नख नसलेला अंगठा आपटला आणि सुरू केलं. दुप्पट चालीत, खणखणीत. आवाज चिरका होता पण एकही मात्रा इकडची तिकडे नव्हती. विक्रमने वळून ढोलकीवर हात टाकला. प्रियदर्शनी तिच्यात मिसळली. सुंदरा म्हणे, मुकादमा रे. त्या जागी विक्रमचा हात सवयीने जास्तीच्या थापेसाठी उठला, आणि थाप घालायला जागाच नव्हती. हात तसाच वर राहिला.

*

"उद्याचं काय?" गाणं थांबल्यावर विक्रम म्हणाला. त्याचे डोळे लाल होते, पण व्यवहार त्याच्यातून कधी सुटायचा नाही. "पाळकसाहेब, पंच, सगळी मंडळी. आपलं नाव जाईल दादा."

"जाऊ दे. मी उभा राहून सांगतो. जन्मभर लोकांच्या साक्षी ऐकल्या, एक माझी पण ऐकू दे त्यांना. आणि मग दर्शनी गाईल. दोन्ही गीतं." मास्तर आत्याकडे वळले. "तू पेटीजवळ बसायचंस. पहिल्या ओळीत."

"बसू देतील?"

"कोण उठवतं बघतो."

"मग पाटी?" दीपमालाने विचारलं.

विक्रमने पाटीवाल्याला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. "कोरलेलं पुसता येत नाही साहेब," पलीकडून आवाज आला. "दगड आहे, शाळेतला फळा नाही. पण पाठ कोरी आहे ना? उलटी करा. पाठीवर कोरून देतो, उद्या आठला घेऊन जा. भिंतीत बसल्यावर मागची बाजू कोण बघतंय?"

विक्रमने भावाकडे पाहिलं. बाबांचं नाव भिंतीच्या बाजूला. त्याने मान हलवली. "चालेल. करा."

"नाव काय टाकू?"

विक्रमने फोन मास्तरांपुढे धरला. मास्तर नकळत ताठ बसले. एक्क्याण्णव वर्षांची, बापाची सख्खी बहीण. नुसतं नाव कसं घ्यायचं?

"लिहून घ्या. सुंदराबाई..."

"ए संपत्या!" आत्या खुर्चीतून ओरडली. "बाई नगं लावूस. परत ठेका मोडंल."

मास्तरांनी फोन तोंडाजवळ घेतला.

"सुंदरा," ते म्हणाले. "नुसतं सुंदरा."